अडीच मिलिमीटरची मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मोडण्याचे काही कारण दिसत नाही. प्रस्तुत प्रबंधाचा विषय म्हणजे जुन्या मोटारसायकलच्या पुढच्या चिमट्याचा कल आणि त्यात अंशाच्या अपूर्णांकाने करायचा फेरफार. अधिकारी तो, ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे, जिची किक बसते पण हँडल बसत नाही, आणि जी विकून टाका असे म्हणणे घरच्यांनी आता सोडून दिले आहे. ग्रंथ आणि वाचक यांच्यातला संबंध पान्ह्याचा. प्रयोजन एवढेच, की कणकुंबीहून जांबोटीकडे जाताना हँडल हातात स्थिर राहावे. मोक्ष हे या ग्रंथाचे प्रयोजन नाही. उलट तो होता होईल तो लांबणीवर पडावा, असाच सगळा खटाटोप आहे.

कणकुंबीच का, असा आक्षेप येईल. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे हे गाव बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि चिमट्याचा अभ्यास करायला जे जे लागते ते ते इथे सरकारी खर्चाने मांडून ठेवलेले आहे. जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी हे एक, त्यामुळे रस्त्याला दरवर्षी नवे खड्डे. एका अंगाला सह्याद्रीची उतरंड, दुसऱ्या अंगाला जांबोटीच्या रानातली वळणे. उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरांत केए-२२ बरोबर जीए आणि एमएच-०७ सुद्धा. म्हणजे तीन राज्यांचे खराब हँडल एकाच टपरीसमोर पाहायला मिळते.

पण खरे कारण निराळे आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. माउलीच्या देवळापाशी सुमारे ७९२ मीटर उंचीवर निघालेले ते पाणी पूर्वेकडे वळते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच गावाच्या अंगाचा कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो, म्हादईत शिरतो, मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात पडतो. या पाण्यासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असा निवाडा दिला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३० कोटी लिटर. एवढा तंटा कशावरून, तर पावसाचा थेंब पाणलोटाच्या रेषेच्या अलीकडे पडला की पलीकडे यावरून. ज्या गावात दोन बोटांचा उतार समुद्र बदलून टाकतो, त्या गावात अडीच मिलिमीटरला क्षुल्लक म्हणण्याची कोणाची छाती होईल?

आता विषयप्रवेश. मोटारसायकलचे हँडल ज्या दांड्याभोवती फिरते तो दांडा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. हा कल म्हणजे रेक. त्या दांड्याची रेषा कल्पनेने खाली वाढवली तर ती रस्त्याला एका बिंदूत भेटते. चाक रस्त्याला प्रत्यक्षात टेकते ते या बिंदूच्या थोडे मागे. या दोहोंतले अंतर म्हणजे ट्रेल. इस्पितळातल्या ट्रॉलीची पुढची चाके ढकलल्याबरोबर गर्रकन मागे वळून सरळ होतात ती याच अंतरामुळे. चाक आपल्या कण्यामागून फरपटत येते आणि फरपटत येणाऱ्याला वाकडे जाण्याची सोय नसते. ट्रेल जास्त तर गाडी सरळ रेषेत हट्टी आणि वळणावर जड. ट्रेल कमी तर वळणावर चपळ आणि सरळ रस्त्यावर अस्वस्थ. तिसरी राशी ऑफसेट. हँडलच्या दांड्याच्या पुढे चिमट्याच्या नळ्या जितक्या सरकवून बसवल्या असतील तितका ऑफसेट. नळ्या ज्यात आवळतात त्या लोखंडी तुकड्याला गॅरेजात टी म्हणतात आणि यापुढे आपणही तेच म्हणू.

इथे नवशिक्याची पहिली गफलत होते. चाक पुढे सरकवले तर ट्रेल वाढेल असे त्याला वाटते. घडते उलटे: ऑफसेट वाढला की चाक टेकण्याची जागा त्या काल्पनिक बिंदूच्या जवळ येते आणि ट्रेल घटते. याला मोठा साक्षीदार आहे. १९५५ ते १९६९ या काळातल्या बीएमडब्ल्यू गाड्यांना अर्नी अर्ल्स या इंग्रजाच्या धर्तीचा पुढचा चिमटा असे. त्यातल्या आडव्या भुजेच्या खिळीला दोन भोके ठेवलेली असत. एकट्याने हिंडायचे असेल तर मागचे भोक, साइडकार जोडायची असेल तर पुढचे. पुढच्या भोकात बसवले की चाक पुढे जाई, ट्रेल कमी होई आणि तीन चाकांचे ते धूड वळवताना दंड भरून येत नसत. कारखान्याने स्वतःच दोन भूमिती एका गाडीत घालून दिल्याचे इतके सभ्य उदाहरण दुसरे नाही.

सूत्र असे: चाकाच्या त्रिज्येला कलाच्या ज्येने गुणावे, त्यातून ऑफसेट वजा करावा, उरलेल्याला कलाच्या कोज्येने भागावे. ज्या आणि कोज्या म्हटल्यावर भास्कराचार्यांना नमस्कार करून पुढे जाणे ओघाने आले. ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिणारे हे आचार्य चाळीसगावजवळच्या पाटण्याचे की विजापूरचे, हा वाद विद्वानांत आहेच. म्हणजे सीमाभागात त्रिकोणमिती वापरायची तर सीमाप्रश्नही तिच्याबरोबर येतो. प्रस्तुत लेखक या बाबतीत तटस्थ असून ज्या मात्र दोन्हीकडची वापरतो.

आता एक गाडी घेऊ. अठरा इंची चाके, टायरसह त्रिज्या ३१० मिलिमीटर, कल २७ अंश, ऑफसेट ५०, दोन चाकांतले अंतर १३३५. हे आकडे कोणत्याही कंपनीच्या पत्रकातले नाहीत. हिशेबाला धरण्यापुरती ही आदर्श जुनी गाडी आहे, आणि आदर्श असल्यामुळे तिचे इंजिन ऑइल गळत नाही. ३१० गुणिले ज्या २७ म्हणजे १४०.७. वजा ५० म्हणजे ९०.७. भागिले ०.८९१ म्हणजे १०१.८. ट्रेल १०२ मिलिमीटर म्हणा. मेस्त्रीने टी सैल करून चिमट्याच्या नळ्या दहा मिलिमीटर वर सरकवल्या, की गाडीचे नाक जवळजवळ नऊ मिलिमीटर खाली येते, कल ०.४ अंशाने घटतो आणि ट्रेल ९९.३ होते. फरक अडीच मिलिमीटर. यासाठी अर्धा दिवस, चार कप चहा आणि टपरीवरच्या सर्वांचा सल्ला लागतो.

ही किमया सगळ्या गाड्यांना लागू नाही हे आधीच सांगितलेले बरे. जुन्या बुलेटच्या चिमट्याची नळी वरच्या बाजूला हेडलाइटच्या कास्केटमध्ये आट्यांनीच बसते; तिला वर सरकवणे म्हणजे भिंतीला मागे सरक म्हणणे. तिथे मग लोक मागचे शॉकअप बदलतात, पुढच्या स्प्रिंगवर पाइपचा तुकडा टाकतात किंवा टायरचा आकार बदलतात. हे सारे मार्ग अडीच मिलिमीटरकडेच जातात, फक्त खानापूरवरून.

या शास्त्रात पूर्वपक्ष पुष्कळ. बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा आणि लेथ यांना तोटा नाही, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो लोखंडात उतरवून घेऊ शकतो, आणि मतभेद केवळ तोंडी राहत नाहीत. सर्वांत जुना पंथ छर्रेवाद्यांचा. त्यांच्या मते भूमिती वगैरे सब झूट; हँडलच्या दांड्याच्या वर-खाली जो कोनसेट असतो, त्यातले छर्रे झिजले आणि वाटीला खळगे पडले की हँडल मधोमध अडकते, सैल झाले की थरथरते. या पंथाची परीक्षा सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, पुढचे चाक उचलावे, चिमट्याचे दोन्ही पाय धरून पुढे-मागे हलवावे. टकटक आली तर कोनसेट सैल. हँडल मध्यावरून किंचित ढकलल्यावर आपणहून कडेला पडले नाही तर जास्त आवळलेला. प्रस्तुत लेखकाला हा पंथ मान्य आहे; इतका की कोनसेट न तपासता कल बदलायला निघालेल्याला या ग्रंथाचा अधिकार नाही.

तैलवादी चिमट्यातले ऑइल बदलायला सांगतात आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतात, पण त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. वायसरवादी पंथ अधिक सर्जनशील आहे. गाडीचे कोणतेही दुखणे कुठेतरी एक वायसर कमी किंवा जास्त असल्यामुळे होते, हा त्यांचा सिद्धान्त खोडून काढणे अशक्य, कारण जुन्या गाडीत वायसर किती होते हे गाडीलाही आठवत नाही. दैववादी पंथाचे लोक माउलीला नारळ देऊन निघतात. त्यांची अपघातांची आकडेवारी इतरांहून वाईट असल्याचे कोणी दाखवलेले नाही, एवढे प्रामाणिकपणे नोंदवतो.

इतिहासवाद्यांचा एक छोटा गट आहे, तो गाडीपेक्षा तिच्या वंशावळीवर प्रेम करतो. जावा १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात बनू लागली तेव्हा कणकुंबीसुद्धा म्हैसूर राज्यातच होती. पुढे १९७३ मध्ये जावाची येझदी झाली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूरचे कर्नाटक झाले. दोन नामांतरे एका वर्षी होण्यात गूढ अर्थ आहे असे या गटाला वाटते. हँडलने या दोन्ही घटनांची दखल घेतल्याचा पुरावा मात्र सापडत नाही. ते आधी जसे डुलत होते तसेच नंतरही डुलत राहिले. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला, पण डुलणे चालू आहे.

डुलण्याचेही दोन प्रकार, आणि त्यांची सरमिसळ ही या विषयातली निम्मी भांडणे लावते. एकात फक्त हँडल आणि पुढचे चाक थरथरते, सेकंदाला चार ते दहा वेळा. हात सैल सोडले की वाढते, घट्ट धरले की दबते. दुसऱ्यात सगळी गाडी नागासारखी डावी-उजवी होत जाते, सावकाश, सेकंदाला दोन ते चार वेळा, आणि हँडल घट्ट धरण्याने काही साधत नाही, कित्येकदा बिघडतेच. पहिला रोग बहुधा कोनसेट, टायर आणि रिमचा आऊट यांतला. दुसऱ्याचे मूळ मागे असते: मागच्या भुजेचे बूश, मागचे चाक आणि मागे लादलेले ओझे. तरीही पेशंट गॅरेजात येतो तेव्हा दोन्ही रोगांत तक्रार एकच असते.

"मेस्त्री, हँडल डुलूलालंय बघा की."

"लोड किती हाय, मामा?"

"लोड कसला. दोनच कॅन."

या तीन वाक्यांत प्रस्तुत प्रबंधाचा सिद्धान्तपक्ष सामावलेला आहे. जांबोटी-कणकुंबीच्या रानात धनगर-गवळ्यांचे वाडे आहेत आणि जुन्या टू-स्ट्रोक गाडीचे इहलोकीचे उत्तरार्धातले कार्य दूध वाहणे हे आहे, हे देशभर मान्य आहे. चाळीस लिटरचा एक कॅन. दूध पाण्याहून किंचित जड, तेव्हा एक्केचाळीस किलो. वर कॅनचे स्वतःचे वजन. दोन्ही मिळून नव्वद किलोच्या आसपास, आणि तेही मागच्या आसाच्या पाठीमागे लोंबणारे. गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा तीस मिलिमीटर जास्त बसली असे धरू. तीस भागिले १३३५, म्हणजे कल १.३ अंशाने वाढला. सूत्रात घाला: ट्रेल ११०. म्हणजे दुधाने एका फटक्यात आठ मिलिमीटर वाढवली, जिथे मेस्त्रीने अर्धा दिवस खपून अडीच कमी केली होती. सकाळी भरल्या कॅनने जाणारी गाडी आणि दुपारी रिकाम्या कॅनने परतणारी गाडी या भूमितीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. आरसी बुकात मात्र एकच.

तेव्हा ट्रेल हा गाडीचा गुण नाही, गाडीवरच्या ओझ्याचा आहे. हे विधान धाडसी वाटेल, पण अजून पुरावा आहे. पुढचा टायर चार मिलिमीटर घासला की त्रिज्या घटते, नाकही तेवढे खाली येते, आणि दोन्ही मिळून ट्रेल तीन मिलिमीटरने कमी होते. मेस्त्रीच्या सगळ्या श्रमांइतके काम रस्त्याने फुकट करून दिले. मागचा टायरही घासतो, तो उलट दिशेने एखादा मिलिमीटर परत करतो. स्वार सत्तर किलोचा की नव्वदचा, मागे कोणी बसले का, टाकी भरली का, हवा कमी का, या प्रत्येकाचे मिलिमीटर वेगळे. या सगळ्यांच्या गर्दीत आपला अडीचचा आकडा बेळगावच्या बसस्टँडवर हरवलेल्या पोरासारखा उभा असतो.

ट्रेल वाढली तर गाडी स्थिर व्हायला हवी, मग गवळ्याचे हँडल डुलते कसे, हा प्रश्न चतुर वाचकाने आतापर्यंत विचारलेला असेल. उत्तर दोन भागांत. आसाच्या मागे लोंबलेले वजन पुढच्या चाकावरचा भार उचलते, आणि हलक्या पडलेल्या चाकाची ट्रेल कितीही सुंदर असली तरी रस्त्याशी तिची पकड बेताची राहते. दुसरा भाग दुधाचा. तोंडापर्यंत भरलेला कॅन म्हणजे वजन. निम्मा भरलेला कॅन म्हणजे वजन आणि त्याला स्वतःचे मत. गोल भांड्यातल्या द्रवाच्या हेलकाव्याचे गणित कोणालाही करता येते. साडेसोळा सेंटिमीटर त्रिज्येच्या कॅनमध्ये निम्मे दूध असेल तर ते सेकंदाला सुमारे १.७ वेळा या काठावरून त्या काठावर जाऊन परत येते. वर सांगितलेले नागमोडी डुलणे सेकंदाला दोनपासून सुरू होते. हे दोन आकडे इतके शेजारी आहेत की त्यांची ओळख होणारच. सारांश, कणकुंबीहून पूर्ण भरून निघालेला गवळी सुरक्षित, बेळगावहून रिकामा परतणारा सुरक्षित, आणि जांबोटीला निम्मे दूध घालून किणयेच्या दिशेने निघालेला मात्र शास्त्रदृष्ट्या चिंताजनक. एका वेळी एकच कॅन रिकामा करावा की दोन्ही सारखे, यावर गवळ्यांची मते ऐकली तर तोल जाईल म्हणून सारखे रिकामे करण्याकडे कल दिसतो. हेलकाव्याच्या शास्त्राला ते मुळीच पसंत नाही, पण शास्त्राला गाडी चालवायची नसते.

आता घाट. कणकुंबी सोडून पश्चिमेला निघालो की चोर्ला, सुर्ल, आणि मग अंजुणे धरणाचे पाणी खाली दिसू लागते तो केरीपर्यंतचा उतार. इथे भाजी घेऊन गोव्याला उतरणारी गाडी सतत ब्रेकवर असते. नुसत्या उताराने ट्रेल बदलत नाही. चाक आणि दांडा दोन्ही रस्त्याबरोबरच कलतात. बदलते ती ब्रेकने. वजन पुढे येते, साध्या नळीच्या चिमट्याची स्प्रिंग साठ मिलिमीटर दबली असे धरा, की कल २७ वरून २४.७ वर येतो आणि ट्रेल ८८ च्या आसपास. जी गाडी जांबोटीच्या रस्त्यावर भरल्या कॅनने ११० ची होती, ती केरीच्या वळणावर ८८ ची झाली. बावीस मिलिमीटरचा हा प्रवास एका गाडीने एका आठवड्यात केला, आणि मेस्त्रीला हाक मारली नाही.

राजदूत १७५ चालवणारे इथे गालात हसतील. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून आणलेल्या त्या गाडीचा पुढचा चिमटा नळीचा नव्हता, अर्ल्सच्या कुळातला होता: चाक एका आडव्या भुजेच्या टोकाला, भुजेची खीळ चाकाच्या मागे. या कुळाची ख्याती अशी की पुढचा ब्रेक दाबल्यावर नाक बुडत नाही. बीएमडब्ल्यूवाल्यांचा अनुभव तर किंचित वर उठण्याचा. घाटात ब्रेक मारताना नम्र होण्याऐवजी मान वर करणारी गाडी पाहून अपरिचित माणूस दचकतो. पण कल आणि ट्रेल जागेवर राहतात, आणि दुधाचा धंदा करणाऱ्याला यापेक्षा जास्त तत्त्वनिष्ठा लागत नाही. जगाने तरीही नळीचा चिमटाच पसंत केला. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१२ वर ऑइल भरलेला टेलिस्कोपिक चिमटा आणला तेव्हापासून वारा त्याच दिशेने वाहतो आहे. दोन नळ्या दिसायला देखण्या आणि बनवायला स्वस्त. भुजेचा चिमटा खेडवळ दिसतो. सौंदर्यामुळे भूमिती हरल्याची ही नोंद इथे करून ठेवतो, कारण राजदूतवाल्यांची बाजू सहसा कोणी लिहीत नाही.

एका मोठ्या आक्षेपाला सामोरे जाणे राहिले. ट्रेलवरच सगळे अवलंबून असते हे तरी कोणी ठरवले? १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येणार नाही अशी सायकल बनवण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. फिरत्या चाकाचा परिणाम रद्द करण्यासाठी त्याने उलट फिरणारे दुसरे चाक जोडले, तरी सायकल चालली. चिमटा बदलून ट्रेल उलटी केली तेव्हा कुठे ती हाताबाहेर जायला लागली. ट्रेलवादी पंथाचा हा सुवर्णकाळ. पण २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी सायन्स या नियतकालिकात एक सायकल सादर केली, जिची ट्रेल उणे चार मिलिमीटर होती, चाकांचा भोवऱ्यासारखा परिणामही रद्द केलेला होता, आणि माणूस वर नसताना ढकलून दिली तर ती स्वतःच्या स्वतः तोल सांभाळत जात होती. वजन कुठे ठेवले आहे, हे त्यांच्या मते तितकेच निर्णायक. टोनी फोएल या अभियंत्याने त्याआधीच एका बीएमडब्ल्यूचा कल पार शून्यावर, म्हणजे दांडा ताठ उभा करून, ट्रेल मात्र सांभाळून ती चालवून पाहिली होती आणि ती चालली. म्हणजे कल पवित्र नाही, ट्रेल पवित्र नाही. उरते वजन. आणि कणकुंबीच्या संदर्भात वजन म्हणजे दूध.

या ठिकाणी सिद्धान्ताला कृतीची जोड देतो. मोजणी घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी उभी करावी. कणकुंबीत सपाट जागा म्हणजे देवळाचे अंगण, तेव्हा आधी विचारावे. हँडल सरळ. दांड्याच्या रेषेत एक लांब पट्टी धरून ती जमिनीला जिथे भेटते तिथे खडूने खूण करावी. पुढच्या आसावरून ओळंबा सोडून दुसरी खूण. मधले अंतर मोजावे. एकदा रिकाम्या गाडीवर, एकदा स्वार बसवून, एकदा स्वार आणि भरले कॅन ठेवून. तिसऱ्या मोजणीला गाडी सरळ धरायला एक, पट्टीला एक आणि खडूला एक असे तिघे जण लागतात, आणि तिघे जमले की उरलेले गाव आपोआप येते. ही मोजणी झाल्यावर टीला हात लावायची इच्छा बहुतेकांची मावळते.

ज्यांची मावळत नाही त्यांनी टी सोडून मागच्या कॅरिअरकडे पाहावे. कॅन अडकवायची कडी चार बोटे पुढे वेल्डिंग करून घ्यावी. नव्वद किलो वजन दहा सेंटिमीटर पुढे आले की सुमारे पावणेसात किलो भार पुढच्या चाकावर परत जातो, मागचे बसणे कमी होते, आणि चिमट्याला पान्हाही न लावता चिमटा सुधारतो. उद्यमबागेतच काय, जांबोटीतही हे काम होईल. चिमट्याच्या भूमितीवरचा प्रबंध कॅरिअरच्या कडीवर येऊन थांबतो याबद्दल काहींना वाईट वाटेल. त्यांनी वायसरवाद्यांकडे जावे.

एकच अडचण उरते आणि ती जावा-येझदीवाल्यांची. त्यांच्या गाडीत गिअरची आणि किकची दांडी एकच, डाव्या बाजूला. तीच आत दाबून मागे फिरवायची आणि हाणायची. कॅन चार बोटे पुढे आला की डावा कॅन नेमका किकच्या वाटेत. गाडी आधी चालू करून मग कॅन अडकवावा हे उघड आहे, आणि गवळी ते करीलही. पण पारवाडच्या बाजूने येणाऱ्याला कणकुंबीचा चेकनाका लागतो. तिथे कोणी हात करून इंजिन बंद करायला सांगितले, तर पुन्हा निघण्यासाठी पंचेचाळीस किलोचा कॅन उतरवून रस्त्यात ठेवावा लागेल, आणि मागे गोव्याहून येणाऱ्या गाड्यांची रांग लागेल. दुधाच्या गाडीला नाक्यावर इंजिन चालू ठेवण्याची मुभा मिळावी असा अर्ज करता येईल, मात्र तो कानडीत लिहावा की मराठीत, हे टीच्या बोल्टइतके सहज सुटणारे नाही.